वडिलांच्या छापखान्यातला विंडोज 3.1: मराठी फाईली कशा वाचवू?

मिरजेची लेक

दादांचा मिरजेत छोटा छापखाना होता. आधी खिळे जुळवायचे, 1994 पासून डीटीपी, म्हणजे संगणकावर पानं जुळवणं. गेल्या पावसाळ्यात दादा गेले. आता जागा रिकामी करायची आहे, तर चादरीखाली झाकलेला त्यांचा 486 संगणक सापडला. भावाने धीर करून चालू केला. काळ्या पडद्यावर सी प्रॉम्प्ट आला, विन टाइप केल्यावर प्रोग्रॅम मॅनेजर उघडला. आत पेजमेकर 5 हा पानं मांडायचा प्रोग्रॅम आहे.

1996 साली दादांनी वाचनालयाची स्मरणिका केली होती. प्रस्तावना त्यांनी स्वतः लिहिली होती. ती फाईल फ्लॉपीवर घेऊन माझ्या लॅपटॉपवर नोटपॅडमध्ये उघडली, तर नुसती इंग्रजी चिन्हांची रास. फाईल खराब झाली आहे का? मला दादांचे शब्द हवे आहेत, बाकी काही नको.

जुना हार्डवेअरवाला

आधी संगणक परत चालू-बंद करणं थांबवा. संगणक सुरू होतानाच्या सेटअपमध्ये डिस्कच्या नोंदी असतील, सिलिंडर, हेड, सेक्टर. त्या कागदावर उतरवा. बॅटरी संपली की त्या जातात आणि मग डिस्क सापडत नाही. त्या काळच्या पुष्कळ मदरबोर्डांवर छोट्या पिंपासारखी निकेल-कॅडमियम बॅटरी सोल्डर केलेली असते. ती गळाली की बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खाते, म्हणून काम झालं की कापून काढा. डिस्क काढून यूएसबी अडॅप्टरला लावून बघू नका. इतक्या लहान जुन्या डिस्का बऱ्याच अडॅप्टरना ओळखता येत नाहीत. फ्लॉपीच बरी.

बटरपेपर

ताई, फाईल खराब झालेली नाही. तुमच्या दादांचे शब्द त्यात आहेत, फक्त ते मराठीत नाहीत. नीट सांगते.

मी 1993 पासून सांगलीत डीटीपी करत होते. 4 एमबी रॅम, 300 डीपीआयचा लेझर, आणि दिवसभर लग्नपत्रिका. विंडोज 3.1 आली एप्रिल 1992 मध्ये, आणि आमच्या धंद्याच्या दृष्टीने तिच्यातली सर्वांत मोठी गोष्ट ट्रूटाइप ही फाँटची पद्धत. त्याआधी पडद्याचा फाँट वेगळा, प्रिंटरचा वेगळा, आणि अक्षर मोठं केलं की कडांना पायऱ्या दिसायच्या. ट्रूटाइपमध्ये अक्षराची बाह्यरेषाच साठवलेली असते, त्यामुळे 10 पॉइंटची ओळ आणि 72 पॉइंटचं 'श्री गणेशाय नमः' एकाच फाईलमधून निघायचं, पडद्यावर तसंच कागदावर. शिरोरेषा न तुटता सलग आलेली पहिल्यांदा पाहिली तेव्हा आमच्याकडचे म्हातारे कंपोझिटर लेझरवर छापलेला बटरपेपर उजेडात धरून कितीतरी वेळ बघत उभे होते.

पण विंडोज 3.1 ला देवनागरी ठाऊकच नव्हती. मराठी फाँट करणाऱ्यांनी इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या घरांत आपले काने, मात्रा, अर्धी अक्षरं बसवली. संगणकाला वाटे आपण इंग्रजी लिहितोय; मराठी दिसे ती फक्त फाँटमुळे. त्यात प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी. एकीकडे 'क' ज्या घरात, दुसरीकडे तिथे रफार. म्हणून स्मरणिकेची फाईल एकटी आणून उपयोग नाही. ज्या फाँटात ती बांधली तो फाँट तिच्या सोबत हवाच.

विंडोज डिरेक्टरीच्या आत सिस्टिम नावाची डिरेक्टरी आहे. तिथल्या टीटीएफ शेवटाच्या सगळ्या फाईली उतरवा. विन.इनी ही फाईलही घ्या, कोणत्या फाँटाला कोणती फाईल ते तिच्यात लिहिलेलं असतं. हे सगळ्यात आधी करा. आणि संगणकामागे प्रिंटरच्या पोर्टात एखादी डबी खोचलेली असेल तर हात लावू नका. ते मराठी पॅकेजचं लॉक असतं, ते काढलं तर पॅकेज चालत नाही.

आता पानं जशीच्या तशी वाचवायला: कंट्रोल पॅनलमध्ये प्रिंटर्स, तिथे एखादा पोस्टस्क्रिप्ट (पानाचं वर्णन करणारी भाषा) समजणारा प्रिंटर बसवा. तो आधीपासून नसेल तर विंडोजच्या मूळ फ्लॉप्या मागेल, दादांच्या कपाटात बघा. मग कनेक्टमध्ये एलपीटी1 या प्रिंटरच्या पोर्टाऐवजी फाईल निवडा. पेजमेकरमधून छापा द्या, कागदाऐवजी डिस्कवर फाईल तयार होईल. एकेक पान वेगळं छापा, नाहीतर 1.44 एमबीच्या फ्लॉपीत मावायचं नाही. लॅपटॉपवर घोस्टस्क्रिप्ट नावाच्या प्रोग्रॅमने तिची पीडीएफ होते.

छापताना दुसरं काही उघडू नका. 3.1 मध्ये एक प्रोग्रॅम अडला की बाकीचे सगळे ताटकळतात, कारण तो स्वतःहून जागा सोडेपर्यंत कोणाची पाळी येत नाही. माझी एका दिवाळी अंकाची 16 पानं अशीच गेली होती, रात्री दोन वाजता. तेव्हापासून दर परिच्छेदाला सेव्ह करायची सवय लागली, ती अजून आहे.

शब्द युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या संगणकांना कळणाऱ्या मराठीत, हवे असतील तर ते काम नंतरचं. त्या फाँटाचा कन्व्हर्टर मिळाला तरी डोळ्यांत तेल घालून प्रूफ वाचा. जुन्या पद्धतीत जसं दिसतं तसं टाइप व्हायचं: 'किती'मधली पहिली वेलांटी 'क'च्या आधी, 'वर्ष'मधला रफार 'ष'च्या नंतर. युनिकोडमध्ये दोन्ही उलट. जोडाक्षर आलं की गोंधळ नेमका तिथेच होतो.

मिरजेची लेक

झालं! तीन दिवस लागले. फ्लॉप्या कपाटातच होत्या, प्रत्येकीवर दादांच्या अक्षरात नंबर. फाँट आधी उतरवले, मग पानं. प्रस्तावनेची पीडीएफ आज सकाळी आईला वाचून दाखवली. त्यात तिचा उल्लेख आहे, 'मुद्रितं तपासणारी' म्हणून. तिला हे आठवतही नव्हतं.

एक शंका. पाचव्या आणि नवव्या पानावर नुसत्या रिकाम्या चौकटी आल्यात. काही राहून गेलं का?

बटरपेपर

नाही ताई, काही राहिलं नाही. त्या फोटोंच्या जागा. स्कॅनर सगळ्यांकडे नसायचा. पेजमेकरमध्ये मापाची चौकट सोडायची आणि फोटोची पॉझिटिव्ह (पारदर्शक फिल्म) पेस्टिंगच्या वेळी हाताने चिकटवायची. म्हणजे फोटो संगणकात कधी नव्हतेच. वाचनालयात छापील प्रत असेल, तिच्यावरून स्कॅन करा. आणि छापखान्यात काचेच्या टेबलाखालचा खण बघा, आमच्याकडे जुन्या पॉझिटिव्ह तिथे पाकिटात ठेवत.

आईंना माझा नमस्कार सांगा.