कंटेनरच्या चाचणीत एक्झिट कोड नेमका तपासावा, की 'शून्य नाही' एवढं पुरे?

रानवारा
माझं मत ठाम आहे: चाचणीत एक्झिट कोड, म्हणजे कमांड संपताना देते तो आकडा (० म्हणजे यशस्वी), नेमकाच लिहावा. कमांड मुद्दाम फसवून बघायची असते तिथे 'शून्य नाही ना, मग झालं' ही पद्धत दगा देते. एनजिनएक्स या वेब सर्व्हरच्या इमेजला (कंटेनर ज्यावरून बनतो तो फाइलींचा साचा) चुकीची कॉन्फिग फाइल द्या आणि कॉन्फिग फक्त तपासणारा '-टी' पर्याय लावून बघा. फाइल नाकारली की कोड १ येतो. आता इमेज हलकी करण्याच्या नादात कुणी एनजिनएक्सची बायनरीच (चालणारी प्रोग्रॅम-फाइल) गाळली, तर कंटेनर चालवणारं 'डॉकर रन' १२७ देतं, म्हणजे कमांड सापडलीच नाही. पण १२७ सुद्धा शून्य नाही! सर्व्हर गायब आणि चाचणी हिरवीगार, म्हणजे पास.

टेस्टरताई
अजिबात पटलं नाही. बायनरी गायब असेल तर बरोबर कॉन्फिगची चाचणी पडेलच. ती लिहिलीच नसेल तर आधी ती लिहा. नेमके आकडे बेस इमेजगणिक (ज्या तयार लिनक्स इमेजवर आपली इमेज रचतो ती) बदलतात. अस्तित्वात नसलेल्या फाइलवर 'एलएस' (फाइलींची यादी देणारी कमांड) चालवा: डेबियन लिनक्सवर २ येतो, अल्पाइन लिनक्सवर बिझीबॉक्स या छोट्या कमांड-संचामुळे १. वागणूक तीच, तरी चाचण्या लाल. मी शून्य की बिगरशून्य एवढंच बघते आणि सोबत एररचा मजकूर तपासते.

भोवरा
तुम्ही ज्या आकड्यावरून वाद घालताय तो मुळात हाती लागतो का, ते आधी बघा. शेवटच्या चार ओळी दिसाव्यात म्हणून लोक पायटेस्ट या पायथनच्या चाचणी-साधनाचं आउटपुट पाइपने 'टेल' या शेवटच्या ओळी दाखवणाऱ्या कमांडला देतात. टेस्ट फेल झाल्या तरी कोड येतो टेलचा, म्हणजे ०. बॅश या शेलमध्ये पाइपफेल लावा, म्हणजे पाइपमधली कुठलीही कमांड फसली तरी कोड बिगरशून्य येतो. डॉकरफाइलमध्ये (इमेज बनवायच्या सूचनांची फाइल) आधी शेल बदलून बॅश करावं लागतं, कारण एरवी डेबियनच्या इमेजमध्ये 'रन' सूचनेची ओळ डॅश या दुसऱ्या, साध्या शेलकडे जाते.

रानवारा
भोवरा, हे अगदी खरं. टेस्टरताई, एलएसचा मुद्दा मान्य, पण एररचा मजकूर तर आवृत्तीगणिक आकड्यांहून जास्त बदलतो. आणि १२५ म्हणजे डॉकरच अडखळलं, १२६ म्हणजे फाइल आहे पण चालवता येत नाही, १२७ वर सांगितलाच. यांतला एकही आला तर आपला प्रोग्रॅम चाललेलाच नसतो. मग नकाराची चाचणी पास कशी धरायची?

टेस्टरताई
हे तीन वगळायला माझी हरकत नाही. पण आकड्यावर एवढी भिस्त नको. १३७ दिसला की सगळे 'मेमरी संपली' म्हणतात. कंटेनर थांबवणारं 'डॉकर स्टॉप' आधी सिगटर्म (बंद हो, असा सिग्नल) देतं आणि १० सेकंद वाट बघून सिगकिल (जबरदस्तीने मारणारा सिग्नल) देतं, तेव्हाही १३७च येतो. कारण हवं असेल तर 'डॉकर इन्स्पेक्ट' या कंटेनरची माहिती देणाऱ्या कमांडमध्ये 'ओओएमकिल्ड' (मेमरी संपल्यामुळे मारलं का) बघा.

रानवारा
स्टॉपनंतर १३७ येणं हाच तर पकडायचा बग आहे! पीआयडी १ असलेल्या, म्हणजे कंटेनरमधल्या पहिल्या प्रोसेसने सिगटर्मसाठी हँडलर (सिग्नल आल्यावर चालणारा कोड) लावलेला नसेल तर कर्नल तो सिग्नल सोडून देतो. मग १० सेकंद वाया जातात आणि चालू रिक्वेस्ट अर्ध्यावर तुटतात. म्हणून स्टॉपनंतर मी ० किंवा १४३च (सिगटर्मने थांबल्याचा कोड) मागतो. तुमच्या नियमात १४३ आणि १३७ यांत फरकच उरत नाही.