देवगडच्या खाऱ्या हवेत टिकेल असे मुलांसाठीचे शैक्षणिक गॅझेट कोणते?

प्रश्न – पालक, देवगड

नमस्कार. माझी मुलगी यंदा सहावीत गेली असून मुलगा पहिलीत आहे. दोघांना मिळून 5,000 रुपयांपर्यंत असे काही घ्यावयाचे आहे, ज्यात खेळही होईल आणि डोकेही चालेल. नातेवाईक टॅब्लेट सुचवतात. परंतु आमच्या वाडीत मोबाइलची रेंज भरवशाची नाही, पावसाळ्यात वीज गेली की कधी येईल याचा नेम नसतो आणि समुद्र जवळ असल्याने विजेच्या वस्तू लवकर गंजतात. घरी एक जुना लॅपटॉप आहे. दुर्बीण, रोबोट किट की आणखी काही?

उत्तर – विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी

मुलीसाठी मायक्रोबिटचा, म्हणजे प्रोग्रॅम भरून चालवायच्या छोट्या संगणक-बोर्डाचा, विचार अवश्य करावा. बीबीसीने 2016 मध्ये ब्रिटनमधील अकरा-बारा वर्षांच्या सुमारे 10 लाख विद्यार्थ्यांना हा लहानसा बोर्ड वाटला होता. त्यावर 25 दिवे, दोन बटणे, तापमान व हालचाल ओळखण्याची सोय आहे आणि तो दोन साध्या पेन्सिल सेलवर चालतो. लॅपटॉपच्या पडद्यावर सूचनांचे ठोकळे जुळवून प्रोग्रॅम तयार केला आणि एकदा बोर्डात भरला, की पुढे लॅपटॉपही लागत नाही व इंटरनेटही लागत नाही, त्यामुळे वीज नसतानाही खेळ थांबत नाही. कलमाच्या कुंडीत दोन खिळे रोवून ते बोर्डाला जोडले, तर माती ओली आहे की कोरडी हे तो दाखवतो. हापूसच्या बागेत वाढणाऱ्या मुलीला यात निश्चितच गोडी वाटेल.

रिमोटवर धावणारे तयार रोबोट मात्र घेऊ नयेत. ते एकाच ठरलेल्या रीतीने चालतात आणि आठवडाभरात कपाटावर जाऊन बसतात.

उत्तर – इलेक्ट्रॉनिक दुरुस्ती, मालवण

शिक्षिकाबाईंचे म्हणणे योग्य आहे, फक्त त्या खिळ्यांबद्दल एक सांगतो. त्यांतून सतत वीज वाहत ठेवल्यास ते झपाट्याने झिजतात. म्हणून मोजमापापुरताच वीजपुरवठा सुरू होईल असा प्रोग्रॅम लिहावा, आणि हे मुलीलाच करू द्यावे. खरा शत्रू खारा वारा. सेल आत तसेच राहिले की ते पाझरतात, सेलला टेकणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर थर चढतो आणि वस्तू बंद पडली म्हणून लोक नवी आणतात, प्रत्यक्षात पट्टी घासली तरी पुष्कळदा काम भागते. खेळ संपताच सेल काढावेत आणि बोर्ड ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

दुर्बिणीलाही तोच डबा हवा, कारण आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांना आतून बुरशी धरते व ती काढणे घरी शक्य नसते. शिवाय जून ते सप्टेंबर मळबामुळे आकाश क्वचितच दिसते. तेव्हा ग्रह पाहण्याची मोठी दुर्बीण तूर्त नको.

उत्तर – पालक, गुहागर

माझे मत थोडे वेगळे आहे. आधी फोल्डस्कोप घ्या. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि जिम सायबुल्स्की यांनी तयार केलेला हा घडीचा कागदी सूक्ष्मदर्शक वस्तू सुमारे 140 पट मोठी दाखवतो. त्याला चार्जिंग लागत नाही आणि गंजण्यासारखे त्यात फारसे काही नाही. खाडीच्या पाण्याचा थेंब, आंब्याच्या मोहोरातील पराग, तारलीचे खवले, असे सर्व साहित्य दारातच आहे. मोबाइलचा कॅमेरा त्यावर लावून छायाचित्रही घेता येते. प्रोग्रॅमिंगची गोडी आहे की नाही, हे त्याच लॅपटॉपवर स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंग सॉफ्टवेअरची ऑफलाइन आवृत्ती टाकून फुकटात पाहता येईल. बोर्ड त्यानंतर घ्यावा.

पालक, देवगड

सर्वांचे आभार. स्क्रॅच या आठवड्यातच टाकतो आणि फोल्डस्कोप मागवतो. धाकट्यासाठी आवाज करणारी, दिवे लागणारी खेळणी बाजारात पुष्कळ दिसतात, ती चालतील काय?

उत्तर – विज्ञान शिक्षिका, रत्नागिरी

दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. 1 जानेवारी 2021 पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. जत्रेतील दुकानांत ते नसेल तर खेळणे परत ठेवावे. दुसरे, सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा असावा. नाण्यासारखा चपटा सेल मुलाने गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर दोन तासांतही गंभीर इजा होऊ शकते. असा नुसता संशय आला तरी वाट न पाहता थेट रुग्णालय गाठावे.