शाळेत गेल्यावर मुलं प्रश्न विचारायचं का सोडतात?

मोगरा_पुणे:
मुलगी तिसरीत आहे. परवा चाचणीचा पेपर घरी आला, त्यात गटात न बसणारा शब्द ओळखा: कावळा, चिमणी, कोंबडी, वटवाघूळ. हिने कोंबडीला गोल केला, त्यावर लाल फुली. का गं कोंबडी म्हटलं तर म्हणे, "बाकी सगळे उंच उडतात ना, ही एकटीच उडत नाही." काय चुकलं यात? पण उत्तरसूचीत वटवाघूळ होतं, विषय संपला. मार्क गेले त्याचं मला काही नाही, तिला असं का वाटलं हे कोणी विचारलंच नाही याचा त्रास होतोय. बालवाडीच्या आधी हीच पोरगी दिवसभर डोकं खायची, आता अभ्यासाला बसली की एकच विचारते, "आई, हे परीक्षेत येणारे का?" माझं स्पष्ट मत आहे, शाळा कुतूहल मारते.

झेडपी_मास्तर:
ताई, राग समजतो पण सरसकट बोलू नका. आरटीईत (शिक्षण हक्क कायद्यात) पहिली ते पाचवीला 30 मुलांमागे एक शिक्षक म्हटलंय, माझ्याकडे दोन इयत्ता एकाच खोलीत, त्यात ऑनलाइन माहिती भरा, मतदार याद्या करा. एकेकाला "का" विचारत बसलो तर दुसरी इयत्ता रिकामी बसते. आणि तुमच्या घरी आई विचारायला आहे, आमच्याकडे ऊसतोडीला गेलेल्यांची मुलं येतात, त्यांच्या हातात पहिलं भिंग शाळेनेच दिलं. मुंगीचे पाय त्यातून बघितले तेव्हा वर्गात जो कल्ला झाला तो ऐकायला हवा होता तुम्ही.

मोगरा_पुणे:
सर, भिंगाचं वाचून खरंच छान वाटलं. पण घरी विचारायला कोणी नसतं हे मला पटत नाही. बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज या संशोधकांनी 1984 मध्ये इंग्लंडमधल्या 30 मुलींचा अभ्यास मांडला, सगळ्या चार वर्षांच्या आसपासच्या. घरी आईला तासाला सरासरी 26 प्रश्न, नर्सरीत बाईंना 2. निम्म्या मुली कामगार कुटुंबातल्या होत्या आणि घरी त्याही भरपूर विचारत होत्या.

निळू:
घरी आई एकटीला मिळते, नर्सरीत एका बाईंच्या मागे बरीच पोरं, मग आकडा पडणारच. त्यावरून कुतूहल मेलं असं कसं म्हणता? माझा मुलगा सातवीत, मला काहीच विचारत नाही, पण जुना मिक्सर उघडून मोटर कशी फिरते ते बघत बसतो. मोठं झालं की मुलं तोंडाने कमी विचारतात आणि हाताने जास्त. शिवाय पाढे, वाचन पक्कं नसेल तर नुसत्या प्रश्नांचं करायचं काय?

कोसबाडकर:
शाळा म्हणजे चार भिंती आणि उत्तरसूची हे दोन्ही बाजूंनी का धरून चाललाय? आमच्या कोसबाड भागात बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ यांनी कुरणशाळा चालवली, गुरं राखणाऱ्या पोरांकडे शाळाच गेली. मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 मध्ये 16 सरकारी शाळांत विज्ञान कार्यक्रम सुरू झाला, मुलं प्रयोग करायची, परीक्षेला पुस्तक उघडं ठेवायची परवानगी, आणि मनातले प्रश्न पत्राने सवालीरामला पाठवायचे. सवालीराम नावाचा माणूस नव्हताच, पण उत्तर यायचं. 2002 ला सरकारने बंद केला तोवर शेकडो शाळांत पोचला होता. म्हणजे सरकारी शाळेत होऊ शकतं.

झेडपी_मास्तर:
होऊ शकतं, मान्य. पण त्यांच्या पाठीशी विद्यापीठांतले शास्त्रज्ञ होते, शिक्षकांची मोठी प्रशिक्षणं व्हायची. माझ्या केंद्रात तसं कोण आहे? ते उभं राहीपर्यंत खापर शिक्षकावर फोडू नका.

मोगरा_पुणे:
तुमच्यावर नाही फोडत सर. पेपर काढणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे, अशा प्रश्नाखाली "कारण लिहा" म्हणून दोन ओळी सोडा आणि कारण पटलं तर मार्क द्या. त्याला जादा शिक्षक लागत नाहीत, जादा पैसे लागत नाहीत. पुढच्या पालक सभेत मी हेच मांडणारे.