मदत हवी आहे: 'स्कॅनमध्ये दाखव, मग मानतो' म्हणणाऱ्या बाबांना कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीला मागच्या महिन्यात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डरचं (भावना फार तीव्र होतात आणि झटकन पालटतात, असा मानसिक आजार) निदान झालं. औषधांबद्दल विचारत नाहीये, ते डॉक्टर बघताहेत. घरात मात्र "नाटकं करते" हे पालुपद चालूच आहे आणि मला ते आता ऐकवत नाही.

परवा मी चष्मा पुसत नुसता बसलो होतो. ती आली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "दादा, चिडलायस ना माझ्यावर?" नाही म्हटलं, तर पटेना. मग रडणं, दार आपटणं. सावरायला संध्याकाळ झाली.

त्यानंतर वाचायला लागलो. २००३ च्या एका एफएमआरआय (मेंदूचा कुठला भाग किती काम करतोय ते दाखवणारा स्कॅन) अभ्यासात या आजाराच्या रुग्णांना चेहऱ्यांचे फोटो दाखवले होते. त्यांच्या मेंदूतला डावा अमिग्डाला इतरांपेक्षा जास्त उसळला आणि काहींना निर्विकार चेहरेही धमकावणारे वाटले. वाचून पोटात गलबललं. म्हणजे तिला त्या दिवशी माझ्या चेहऱ्यावर खरोखरच राग दिसला असेल! अमिग्डाला धोक्याची घंटा वाजवतो आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स त्या घंटेला आवर घालतो. या आजारात तो आवर कमी पडतो, एवढं मला समजलंय.

बाबांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग एमआरआय काढा, दिसलं तर मानतो." डॉक्टर म्हणतात, हे फरक अनेक रुग्णांच्या सरासरीत दिसतात, एकट्या माणसाच्या स्कॅनवरून निदान होत नाही. तिचा रिपोर्ट नॉर्मल आला तर बाबा तो तिच्याच तोंडावर फेकतील, ही माझी खरी भीती.

जाणकारांनी, विशेषतः ज्यांच्या घरात हे झालंय त्यांनी, सांगा: स्कॅनशिवाय वडीलधाऱ्यांना हे कसं पटवलंत?

आणखी एक. बायपोलर या दुसऱ्या मानसिक आजारात मूड कित्येक दिवस, आठवडे टिकतो, हिचा तासाभरात पालटतो. मेंदूतली गडबड दोन्हींत वेगळी असते का?

तिची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी, भावना सांभाळायला शिकवणारा मानसोपचार) सुरू होतेय. वर्षभराच्या डीबीटीनंतर अमिग्डालाची उसळी कमी झाल्याचं २०१४ च्या एका छोट्या अभ्यासात वाचलं, त्यामुळे धीर आलाय. पण तोवर, ती "चिडलायस ना?" विचारते त्या क्षणी मी काय बोलू? "नाही गं" म्हटलं की ती आणखी घाबरते.