प्रति: झऱ्याच्या ओढ्यातला ट्राउट बुजतो का?
तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) बारीक हवी हे आधीच्या उत्तरांत आलंच आहे, पण नितळ पाण्यात ट्राउट मासा बहुतेकदा माणूस पाहूनच पळतो. त्याचं तोंड प्रवाहाच्या उगमाकडे असतं, म्हणून खालच्या अंगाने वर सरका, वाकून, सावली पाण्यावर न पाडता. पाणथळ काठावर पावलाचा हादराही पोचतो. खडकवासल्याला रोहूसाठीची जाड तंगूस विसरा, टोकाला ०.१५ मिमीची, आणि ती सैल पडली पाहिजे. ताठ पडली की गळावरची आमिषाची नकली माशी प्रवाहापेक्षा वेगळी ओढली जाते, आणि मासा ती घेत नाही. तंगूस फेकण्याचा सराव पुण्यातल्या कुठल्याही मैदानावर होतो: गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा. तीर्थन नदीवरचा बेत मात्र मार्चनंतरचा ठेवा, नोव्हेंबर ते फेब्रुवारी हिमाचलात ट्राउट पकडायला बंदी असते.