‘चार्टरहाउस’ = सनदगृह?

पानगळ:
युरोपातल्या ख्रिस्ती मठांवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. ‘कार्थुसियन’ संन्यासी, त्यांचं ‘चार्टरहाउस’ आणि मध्येच ‘शार्त्रझ’ असे शब्द येतात. चार्टर म्हणजे सनद, म्हणून ‘सनदगृह’ केलंय. चालेल? आणि संन्याशाच्या राहत्या जागेला ‘सेल’ म्हटलंय, त्याला कोठडी?

खडूफळा:
सनदेचा इथे काडीचाही संबंध नाही. १०८४ साली कोलोनचा ब्रूनो सहा सोबत्यांसह फ्रान्समध्ये ग्रनोबलजवळच्या शार्त्रझ डोंगरात जाऊन राहिला. त्या जागेचं लॅटिन नाव कार्टुसिया, त्यावरून संघ कार्थुसियन. पुढे त्यांच्या कुठल्याही मठाला फ्रेंचमध्ये शार्त्रझच म्हणू लागले. इटालियनमध्ये तो चेर्तोझा, स्पॅनिशमध्ये कार्तुहा. इंग्रजांच्या जिभेवर त्याचंच ‘चार्टरहाउस’ झालं. तेव्हा सरळ ‘कार्थुसियन मठ’ लिहा.

मात्र दरवेळी आंधळेपणाने नको. लंडनमधल्या मठाच्या जागी १६११ साली ‘चार्टरहाउस’ शाळा निघाली, तिचे विद्यार्थीही कार्थुसियनच. १८८१ चा इंग्लंडमधला फुटबॉलचा एफए कप ‘ओल्ड कार्थुसियन्स’नी जिंकला, ते या शाळेचे माजी विद्यार्थी, संन्यासी नव्हेत! इटलीतल्या बोलोन्याचा चेर्तोझा तर १८०१ पासून शहराचं कबरस्तान आहे.

ओलीसुकी:
शार्त्रझमध्ये तर आणखी गंमत. या संन्याशांच्या कृतीची, १३० वनस्पतींची लिकरही (गोडसर मद्य) शार्त्रझ. हिरवीत ५५ टक्के अल्कोहोल. तिच्यावरून पोपटी-पिवळसर रंगाला ते नाव पडलं. संन्याशांचा झगा मात्र पांढऱ्या लोकरीचा, त्यामुळे ‘शार्त्रझ झगा’ असं वाक्य झालं असेल तर तपासा. साच्याला आतून भाज्यांच्या फोडी लावून केलेला पदार्थही शार्त्रझच. मठात मांस वर्ज्य, म्हणून हे नाव. आणि आचाऱ्यांनी मध्ये तित्तिर भरला!

‘कोठडी’ नको, तुरुंग वाटतो. ते एकट्याचं दुमजली घरकुल असतं: खाली लाकूडफाटा आणि सुतारकामाची जागा, वर बिछाना, प्रार्थनेची बैठक, अभ्यासाचं टेबल, बाहेर भिंतीआड छोटी बाग. जेवण दाराशेजारच्या भिंतीतल्या झडपेतून येतं. ‘एकांतघर’ कसं वाटतं?

पानगळ:
एकांतघर घेते. सनदगृह सात ठिकाणी होतं, काढलं.

खडूफळा:
जाता जाता ‘कार्टेशियन’ही शोधून बघा. तो फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तच्या लॅटिन नावावरून आलाय. टंकताना ‘कार्थुसियन’ आणि ‘कार्टेशियन’ची अदलाबदल हमखास होते.