प्रति: तारा खरखरतात म्हणून बास सोडून देऊ का?

दादा, नांदेडला विकायला असलेला तो जुना बास गिटार केवळ तारा खरखरतात म्हणून घ्यायचं सोडू नका, आधी नेक, म्हणजे गिटारचा लांब दांडा, बघा. सगळ्यात जाड ई तार एका हातानं पहिल्या फ्रेटवर (नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्टीवर) दाबा, दुसऱ्या हातानं शेवटच्या, आणि सोबत्याला सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली व्हिजिटिंग कार्ड सरकवायला सांगा. जेमतेम जायला हवं. तार फ्रेटला चिकटलेलीच असेल तर नेक मागं वाकलाय. आपल्याकडं एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात लाकूड सुकतं, त्यात हे होतं. परभणीत माझा बास दर उन्हाळ्यात असाच खरखरतो; ट्रस रॉड (नेकच्या आतला, त्याचा वाक कमी-जास्त करणारा गज) पाव फेरा सैल केला की दुसऱ्या दिवशी स्वर मोकळा.

मात्र रॉड फिरतो का, हे विकणाऱ्यासमोरच तपासा. जाम असेल तर घेऊ नका, कितीही स्वस्त असू द्या. माझ्या पहिल्या बासचा जाम निघाला आणि त्या माणसानं नंतर फोनच उचलला नाही, फार जीव जळाला.

फ्रेटच्या कडा बोटाला टोचल्या तर घासून घेता येतात. नव्या तारा घेताना आधी स्केल, म्हणजे नेकच्या टोकाच्या खाचेपासून खालच्या ब्रिजपर्यंत तारेची वाजणारी लांबी, मोजा. बहुतेक ३४ इंच भरेल, म्हणजे लाँग स्केलच्या तारा.